आईच्या नंबरवरचं खातं

बारावीचा निकाल लागला आणि बीडच्या कॉलेजात माझं नाव लागलं, तेव्हा आईला जाऊन अर्धं वर्ष होत आलं होतं. तरी ती गेली असं मला वाटत नव्हतं. यात वेड लागण्यासारखं काही नाही. आमच्याकडची आई दरसाल जातेच. दिवाळी झाली की ट्रक भरतात. कोयते, भांडी, पिठाचे डबे, असली तर शेळीसुद्धा वर चढते आणि आईबाप कारखान्याला जातात, म्हणजे ऊस तोडायला. गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतात. मधल्या काळात पोरं कुणाच्या तरी घरी वाढतात. मी चुलतीकडे वाढले. आई नसण्याची मला चांगली सवय होती, आणि कुठलीही सवय असावी पण ही असू नये, हे मला फार उशिरा कळलं.

ती गेली कृष्णेच्या काठच्या एका गावात. भर दुपारी मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे चालली होती, मधेच खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. बरोबरच्या तोडकऱ्यांच्या टोळीनं तिथंच नदीवर तिला अग्नी दिला, दहावाही तिथंच केला. माझी परीक्षा तोंडावर होती. पोरीला आत्ता सांगू नका, असं कुणीतरी शहाण्यानं ठरवलं. कुणी ते मला आजही कळलेलं नाही. कळलं तर सोडणार नाही. मला सांगितलं तेव्हा राखसुद्धा उरली नव्हती.

पाडव्याला ट्रक परत आला. आमच्या दारात कोयते उतरले, भांडी उतरली, आईची दोन लुगडी असलेलं गाठोडं उतरलं, आणि सगळ्यात शेवटी दादा उतरले. माझ्या वडिलांना मी दादा म्हणते. त्यांनी खिशातून आईचा फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चार्जिंग संपली हाय."

मी तो लावला. चहा व्हायच्या आत तो थरथरला.

इथं आमच्या गल्लीची एक गंमत सांगायला हवी, कारण ती बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. मी लहान असताना गावच्या शाळेत आधार कार्डाचं शिबिर लागलं होतं. मशीनवरचा माणूस प्रत्येकाला मोबाइल नंबर विचारायचा. आमच्या गल्लीत तेव्हा फोन एकच, आईचा, बटणांचा, कारखान्याकडून येताना घेतलेला. पहिल्या बाईनं आईचा नंबर सांगितला. दुसरी म्हणाली, माझाबी त्योच घाला. बघता बघता म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, पोरासोरांसकट अख्ख्या गल्लीच्या आधारला आईचा नंबर चिकटला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गल्लीत एकीकडे जातं असलं की सगळ्या तिथंच दळतात, तसं हे.

पुढे राशन, गॅस, निराधारचा पगार, बँक, सगळं आधारला बांधलं गेलं आणि ज्याचा त्याचा ओटीपी आईच्या फोनवर येऊन पडू लागला. आमच्याकडे ओटीपी कुणी म्हणत नाही, 'नंबर आला' म्हणतात. आई दारात उभी राहून ओरडायची, "नंबर आलाय, कुनाचा हाय?" मग ज्याचा असेल तो पळत यायचा. सीझनमध्ये ती उसाच्या फडावर असली तरी सुटका नव्हती. इकडे चौसाळ्याच्या सेवा केंद्रात एखादी म्हातारी काउंटरपाशी उभी असायची आणि तिकडे आई कोयता काखेत धरून फोनमध्ये आकडे सांगत असायची. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. एकेक आकडा सुटा सुटा सांगायची, आणि सगळे सांगून झाले की विचारायची, "बसलं का?" समोरून हो आलं की मगच फोन ठेवायची.

नंबर बदलून घ्यायला कुणी गेलं नाही. जायचं तर मजुरी बुडवून तालुक्याला जा, तिथं रांग धर, आणि अंगठा मशीनवर ठेवला की मशीन म्हणणार, हा अंगठाच नाही. उसानं आणि मातीनं आमच्या लोकांच्या बोटांवरच्या रेघा पुसून टाकल्यात. आलिया भोगासी म्हणून सगळे आईच्याच नंबरवर राहिले. ती गेल्यावर तर नंबर बंद पडू देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. रिचार्जची पाळी लागली. या महिन्याला अमक्याच्या घरचा, पुढच्या महिन्याला तमक्याच्या. मेलेल्या बाईचा फोन जिता ठेवायला अख्खी गल्ली राबत होती.

आणि तो उचलायचं काम माझ्याकडे आलं.

मी घाबरायचे, हे सरळ सांगते. घरात कुणी नसताना तो फळीवर गुरगुरायचा आणि पत्र्याच्या डब्याला लागून थडथडायचा, तेव्हा गोधडीखालून कुणीतरी काही सांगतंय असं वाटायचं. गल्लीतल्या बाया दारात येऊन म्हणायच्या, "बघ गं, आईकडं नंबर आलाय का." आईकडं. कुणीच वेगळं बोलायचं नाही. समोरची म्हातारी तर सवयीनं आईच्याच नावानं हाक मारायची, मी बाहेर आले की जरा वेळ माझ्याकडे बघत राहायची, मग म्हणायची, "तूच व्हय." एकदा सेवा केंद्रातल्या माणसाचा फोन आला. मी आकडे सांगितले. माझा आवाज आईवर गेलाय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, ताई, लई दिवसांनी आवाज ऐकला तुमचा, तब्येत बरी हाय ना? मी म्हणाले, हो, बरी आहे. फोन बंद करून मी तो फळीवर पालथा घातला. पण खोटं सांगू कशाला, त्या क्षणी मला बरंही वाटलं होतं. कुणीतरी एक होतं ज्याच्या लेखी ती बरी होती.

तर अशा घरातून मला कॉलेजला जायचं होतं. कॉलेजनं सांगितलं, शिष्यवृत्तीसाठी स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं पाहिजे, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आत. शिष्यवृत्तीशिवाय आमच्याकडून होण्यासारखं नव्हतं. आणि नाही झालं तर काय, तेही मला ठाऊक होतं. ऊसतोडीत एकटा माणूस मोजत नाहीत. नवराबायको मिळून एक कोयता. दादा आता अर्धा कोयता होते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाल्यावर टोळी जमवणारा मुकादम येऊन गेला होता. पुढच्या साली जोडीला कोण, असं त्यानं विचारलं. दादांनी अंगणाकडे बघितलं. अंगणात मी गहू निवडत बसले होते. अठरा पूर्ण, हातपाय धड.

खातं कुठं काढायचं यावर गल्लीत आठवडाभर खल चालला. ज्याला स्वतःच्या खात्यातला पैसा काढायला माझ्या आईचा फोन लागतो, तोसुद्धा मला शहाणपण शिकवत होता. चुलतीचं मत पोस्टाला, कारण पोस्टमन घरी येतो आणि पाणी मागून पितो, म्हणजे ओळखीचा. एका काकांना अजून तालुक्याच्या एका चकाचक पतसंस्थेची आठवण यायची, काचेचं दार, गार हवा, गेलं की चहा. वरून कीर्तन, आतून तमाशा. एक दिवस लोकांच्या पैशासकट तिचं शटर पडलं ते पडलंच, तरी काका चहाची तारीफ करायचे. वर्गातल्या मैत्रिणी म्हणत होत्या, बीडमध्ये खासगी बँका आहेत, मोबाइलवर फोटो काढला की खातं उघडतं, कुणाचं तोंड बघायला नको.

डोकं वापरायचं तर मैत्रिणींचं ऐकायला हवं होतं. मी चौसाळ्याची बँक धरली. हायवेलगत, वरच्या मजल्यावर, पायऱ्यांना पानाचे डाग. शाळेत असताना माझं खातं तिथं निघालं होतं, पालक म्हणून आई. सगळ्यांना मी हेच कारण सांगितलं, की आधीचं खातं आहे तर नवं कशाला. खरं कारण वेगळं होतं. त्या बँकेत भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे. खातं काढलं त्या दिवशी आम्ही दोघी सकाळपासून त्या बाकावर बसलो होतो. आईनं पदराआड भाकरी मोडून मला दिली होती, आणि इथं खातात का असं मी विचारल्यावर म्हणाली होती, बँकेत बसायला पैसे पडत न्हाईत, खा. जगात आई बसलेली जी काही ठिकाणं मला माहीत होती, त्यातलं ते एक होतं. मला तिथं जायचं होतं, बस्स.

गेले, एकटीच. टेबलावरचा अधिकारी तरुण होता, नवीन बदलून आलेला, बोलण्यावरून लांबचा. चांगला माणूस होता, उगाच नावं ठेवणार नाही. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, हे अज्ञान खातं आहे. अठरा पूर्ण झाल्यावर ते मोठं करावं लागतं. पालक म्हणून आईचं नाव आहे.

"आईला घेऊन या," तो म्हणाला. "त्यांचा अंगठा झाला की लगेच होईल."

मी तोंड उघडलं. गेल्या, वारल्या, नाहीत, मराठीत काही शब्दांची कमी नाही. त्यातला एकही तोंडात येईना. जे आलं ते हे:

"ती कारखान्याला गेलीय."

"मग कधी येतील?"

"पाडव्याला."

तो हळहळला. एवढा वेळ कसा थांबायचा म्हणाला. त्याला आमच्याकडचं ठाऊक नव्हतं. पण माझ्या मागं एक बाई उभी होती, वयस्कर, पासबुक घेऊन आलेली, आमच्याच बाजूची. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आषाढ चालू होता. आषाढात कुठल्याच कारखान्याचं धुराडं पेटत नाही. आमच्या मुलुखातलं शेंबडं पोरही सांगेल, की या दिवसांत ऊसतोडीला गेलेलं माणूस हे एक तर घरी असतं, नाही तर कुठंच नसतं.

मी टेबलापासून बाजूला झाले तशी माझ्या दंडाला धरून तिनं मला त्या बाकावर बसवलं, शेजारी बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मयताचा दाखला लागतो, माय. माझ्या मालकाच्या टायमालाबी लागलता. त्याबिगर ह्यांना पटत न्हाई."

मला तिचा राग आला. बिचारीनं काय वाईट केलं होतं? पण राग आला. सगळ्या गल्लीनं मिळून जे अर्धं वर्ष झाकून ठेवलं होतं, ते हिनं एका वाक्यात उघडं केलं. मी उठले आणि पायऱ्या उतरले.

दाखला जिथं माणूस जातं तिथल्या ग्रामपंचायतीत मिळतो. दादांनी तो आणला नव्हता. टोळी दुसऱ्या फडावर हलली होती, त्यामुळे राहून गेलं, असं ते म्हणाले. मी म्हणाले, मग आता जाऊ. ते म्हणाले, "कावून? खातं तर चालूच हाय की." दुसऱ्या दिवशी विचारलं, तर उठून शेताकडे गेले. तिसऱ्या वेळी पाऊस आहे म्हणाले. पावसाचा टिपूस नव्हता. आमचा पाऊस तसाही बोलावून येत नाही.

तारीख जवळ येत होती. मला वाटू लागलं, यांना दाखला आणायचाच नाही, यांना जोडी पाहिजे. एकदा हे डोक्यात शिरल्यावर मला दुसरं काही दिसेना. दादा कोयत्याला धार लावत बसलेले दिसले तरी मी मागच्या दारानं बाहेर पडायचे. शेवटी जेवताना मी बोललेच, की तुम्हाला माझी बारावी नको होती, अर्धा कोयता हवा होता. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुऊन बाहेर गेले. चुलती मला म्हणाली, ज्याचं जळतं त्याला कळतं, तुझंच तेवढं जळतंय असं समजू नको. मी म्हणाले, मग बोलत का नाहीत? ती म्हणाली, बोललं की खरं व्हतं.

सकाळी उठले तर दादा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. म्हणाले, "चल, उशीर व्हईल."

एसटीत आम्ही शेजारी बसलो. बीड जिल्हा मागं पडला, घाट गेला, उजाड माळ संपले आणि हळूहळू दोन्ही बाजूंना हिरवं सुरू झालं. आयुष्यभर आईबाप ज्या बाजूला गेले, ती बाजू मी पहिल्यांदाच बघत होते. केवढं पाणी होतं तिथं. मला त्या पाण्याचाही राग आला.

ग्रामपंचायतीत काम इतकं सहज झालं की मला फसवल्यासारखं वाटलं. नोंद होती. तारीख विचारली तेव्हा दादांना सांगता आली नाही. ते म्हणाले, आदल्या दिवशी एकादस होती, तिनं सकाळी उपास सोडलता. कारकुनानं पंचांगावरून बोट फिरवलं, नोंद काढली, शिक्का मारला. दादांनी कागदाकडे बघितलं नाही. मला म्हणाले, नाव नीट हाय का बघ. नाव नीट होतं.

मग ते म्हणाले, आलोच हाय तर तुला जागा दावतो.

अग्नी दिलेली जागा नदीच्या पाण्याखाली गेली होती. नदी फुगून काठापर्यंत आलेली. दादा जरा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले आणि मग फडाकडे निघाले, जिथं ती बसली होती तिकडे. मी मागून. एका बांधानं गेलो, परत फिरलो, दुसऱ्या बांधानं गेलो. ऊस माणसाच्या वर गेला होता, वाऱ्यानं पाती एकमेकांवर घासत होती. त्या आवाजात मला सारखं वाटत होतं की कुणीतरी पलीकडच्या सरीतून आमच्या बरोबरीनं चालतंय, आम्ही थांबलो की थांबतंय. मी दादांच्या धोतराच्या इतकी जवळ चालत होते की दोनदा त्यांच्या टाचेवर पाय पडला.

त्यांना जागा सापडेना. ऊस तोडल्यावर रान उघडं पडतं, तेव्हा लांबचं देऊळ दिसायचं, त्याच्या रोखानं बैलांची पायवाट होती, ते म्हणाले. आता चारी बाजूंनी भिंती. एक माणूस पंपाकडे चालला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, फड कुणाचा? दादांना ते माहीत नव्हतं. आमच्या लोकांना रानाच्या मालकाचं नाव कोण सांगतो? मुकादम दाखवील तो फड, उद्या दुसरा. दादा एका सरीपाशी उभे राहिले, उसाच्या पात्याला हात लावला, मग दोन पावलं पुढे जाऊन तिथल्या पात्याला हात लावला.

"हितंच असंल," ते म्हणाले. "न्हाई तर पलीकडं."

मी काय बघायचं होतं? तिथं ऊस होता. माझी आई जिथं बसली ती जागा माझ्या बापाला सापडत नव्हती, आणि तो ती चोरासारखा दुसऱ्याच्या रानात शोधत होता. यांना जोडी पाहिजे म्हणून हे दाखला आणत नाहीत, असं मला आठवडाभर वाटत होतं. मी त्यांच्या हाताला धरलं आणि म्हणाले, चला दादा, गाडी जाईल. ते लहान पोरासारखे माझ्याबरोबर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चौसाळ्याच्या बँकेत गेलो. अधिकाऱ्यानं दाखला वाचला, तारीख बघितली आणि माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं समजलं. पण पाडव्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. पाणी मागवलं, दादांना खुर्ची दिली आणि काम सुरू केलं. म्हणाला, आधारच्या नंबरवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा. पिशवीत आईचा फोन थरथरला. मी काढला आणि एकेक आकडा सुटा सुटा सांगितला, आणि शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "बसलं का?"

दादांनी झटक्यात मान वळवली. मग फरशीकडे बघू लागले.

बसलं. माझा अंगठाही पहिल्या खेपेला बसला, पुस्तकं धरणाऱ्या पोरीचा अंगठा तो. वारस म्हणून दादांचं नाव लागलं. खात्याला नंबर माझा नवा दिला, त्याच सकाळी बँकेखालच्या दुकानातून घेतलेला. गल्लीचा फोन चुलतीकडे राहील असं घरात ठरलं होतं. अधिकारी म्हणाला, आता पालकाचं नाव कमी करतो. एक बटण दाबलं, मग आणखी एक. म्हणाला, झालं, आता हे खातं तुमच्या एकटीचं.

तेवढ्यात आईचा फोन पुन्हा वाजला.

दादांना वाटलं गल्लीतलं कुणी असेल. "कुनाचा नंबर आला?" त्यांनी विचारलं.

"नंबर नाही. आईला आलंय, बँकेकडून."

"वाच की मग."

मेसेज इंग्रजीत होता. मी मनातल्या मनात वाचला आणि तो मराठीत सांगू नये असं मला वाटलं. पण दादा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला वेळेवर खोटं सुचलं नाही. मी सांगितलं: प्रिय ग्राहक, विनंतीवरून या खात्यावरचं तुमचं नाव कमी करण्यात आलं आहे. ही विनंती तुम्ही केलेली नसेल, तर ताबडतोब बँकेशी संपर्क साधा.

"परत वाच," दादा म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. अंगठ्यानं काच पुसली.

"मंग थांबू जरा," ते म्हणाले.

आम्ही जाऊन बाकावर बसलो. काम झालं होतं, कागद पिशवीत होते, हायवेवर बीडच्या गाड्या येत-जात होत्या. दादा फोन मांडीवर धरून बसले. लोक आले, पैसे काढले, गेले. अधिकारी जेवायला उठला. तो जेवून आला तरी आम्ही तिथंच. मी एकदा म्हणाले, दादा, जायचं का? ते म्हणाले, बस. मीही बसले, कारण सांगायला लाज वाटते, पण मीसुद्धा जिन्याकडे बघत होते. पायऱ्यांवर कुणाचं पाऊल वाजलं की माझी मान तिकडे वळत होती.

शिपायानं अर्धं शटर ओढलं तेव्हा दादा उठले. फोन माझ्याकडे दिला आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"न्हाई येत ती आता," ते म्हणाले.

आमच्या घरात, आमच्या गल्लीत, हे वाक्य तोवर कुणीही म्हटलं नव्हतं. मी अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आले आणि त्या पायऱ्यांवर बसून मोठ्यानं रडले, हायवेवरची माणसं वर बघायला लागली इतकी. दादा एक पायरी खाली उभे राहिले आणि त्यांनी मला रडू दिलं.